कच्ची वही आणि पक्की वही : सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि सर्व संचालक,
गावोगावच्या दूध संस्था, विकास सेवा संस्था आणि पतसंस्था

विषय : सचिवांनी, क्लार्कनी आणि गावातल्या मुलांनी मोबाइलवर केलेली ॲपं आणि आपली जबाबदारी

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरचं दूध आजोबांच्या काळापासून गावच्या संस्थेला जातं. आज सकाळीही गेलं. मी स्वतः गेली बावीस वर्षं सॉफ्टवेअरचं काम करतो, आणि त्यातलं बरंचसं काम कोल्हापूर-सांगलीकडच्या दूध संस्था आणि पतसंस्थांचंच. काउंटरच्या बाहेर किटली घेऊन मी उभा राहिलो आहे आणि आत संगणकासमोरही बसलो आहे. त्या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहितो.

गेल्या तीन-चार वर्षांत ज्या ज्या संस्थेत गेलो, तिथं संचालक मंडळाला ठाऊक नसलेलं निदान एक ॲप चालू असलेलं मला दिसलं. कुठं सचिवांनी पशुखाद्याची उधारी मोबाइलवर घेतली आहे. कुठं क्लार्कनं थकबाकीदारांच्या नोटिसांचा तक्ता केला आहे. कुठं चेअरमनच्या पुतण्यानं लसीकरणाच्या नोंदी फोनवर आणल्या आहेत. यातलं एकही ॲप विकत घेतलेलं नव्हतं, आणि एकाही ॲपसाठी सभेत ठराव झालेला नव्हता. गरज होती, साधन हाताशी होतं, केलं. मला या माणसांचं कौतुक वाटतं. पण त्या ॲपमधला आकडा जेव्हा सभासदाच्या बिलात उतरतो, तेव्हा मला काळजीही वाटते. ती काळजी तुमच्यापर्यंत पोचवायची आहे.

या साधनांना लो-कोड म्हणतात. पूर्वी असं ॲप हवं तर माझ्यासारख्याला बोलवावं लागे आणि तो शेकडो ओळींचा प्रोग्रॅम लिहीत बसे. आता पडद्यावर रकाने ओढून ठेवायचे, त्यांना नाव, तारीख, पोती, रक्कम अशी नावं द्यायची, कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं ते यादीतून निवडायचं, एक्सेलमध्ये लिहितो तशी दोन-चार सूत्रं लिहायची. बाकीचं ते साधन सांभाळतं. लो-कोड हा शब्द २०१४ मध्ये फॉरेस्टर या अमेरिकी संशोधन कंपनीनं वापरात आणला, पण मायक्रोसॉफ्टचं पॉवर ॲप्स, गूगलचं ॲपशीट, चेन्नईच्या झोहोचं क्रिएटर, मुंबईत घडलेलं फ्रॅपे ही नावं आता तालुक्याच्या गावातल्या मुलांनाही माहीत आहेत. हल्ली तर काय हवं ते बोलून सांगितलं तरी ॲपचा सांगाडा तयार होऊन समोर येतो.

आधी याचा फायदा काय ते सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो. कारण पुढची अर्धी गोष्ट वाचून काही संचालक म्हणतील, "मग बंदच करून टाका." तसं होऊ नये.

जुलै २०२१ चा महापूर आठवा. आमच्या गावची जनावरं माळावरच्या शाळेत हलवली होती. कुणाची किती जनावरं, दुभती किती, चारा कुणाला पोचला, कुणाचा राहिला, हे सगळं कागदावर चाललं होतं आणि कागद भिजत होता. रात्री अकराला मी आणि गावातली दोन मुलं शाळेच्या व्हरांड्यात बसलो. मालकाचं नाव, जनावराच्या कानातला बारा आकडी बिल्ला, फोटो, दिलेल्या पेंढ्या, एवढाच फॉर्म. रेंज येत-जात होती, पण साधनात सोय अशी होती की नोंद आधी फोनमध्ये साठायची आणि रेंज आली की आपसूक पुढं जायची. पहाटे चारला तो फॉर्म सहा जणांच्या फोनवर होता. त्याच कामाचं अंदाजपत्रक मी कंपनीत असताना केलं असतं, तर तीन आठवडे लिहिले असते आणि तोवर पूर ओसरला असता. पाणी उतरलं, जनावरं घरोघर गेली, यादी छापून पंचनाम्यासाठी दिली आणि ॲप बंद केलं. सोळा दिवसांचं त्याचं आयुष्य. त्या सोळा दिवसांत एकाही जनावराचा चारा दोनदा गेला नाही आणि एकही जनावर उपाशी राहिलं नाही.

दुसरं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. एका महिला दूध संस्थेच्या सचिवांना मी वहिनी म्हणतो. त्यांनी कृत्रिम रेतनाच्या नोंदींचं ॲप स्वतः केलं. त्याआधी दोन वर्षं त्यांच्याकडे एक विकतचं सॉफ्टवेअर होतं. त्यात रेतनाची तारीख होती आणि पुढं 'यशस्वी' किंवा 'अयशस्वी' असा रकाना होता. तो कुणीही भरत नव्हतं, कारण गोठ्यात असं कुणी बोलतच नाही. वहिनींनी रकाना केला, 'उलटली का?', म्हणजे गर्भ न राहता जनावर पुन्हा माजावर आलं का, आणि रेतनानंतर एकविसाव्या दिवशी मालकिणीला आठवण जाईल अशी व्यवस्था केली. तीन महिन्यांनी गाभण तपासणीची आठवण. गायीला साधारण २८० दिवस, म्हशीला ३१० धरून विण्याची अंदाजे तारीख, आणि त्याच्या दोन महिने आधी आटवायची, म्हणजे दूध काढणं थांबवायची, तारीख. हे सगळं त्यांच्या डोक्यात वीस वर्षं होतंच. त्यांना दहा वेळा भेटून, चहा पिऊन, टिपणं काढूनही माझ्यासारखा प्रोग्रॅमर त्यातलं निम्मंच पकडू शकला असता. मधला माणूस निघून गेल्यावर जाणकाराचं ज्ञान जसंच्या तसं ॲपमध्ये उतरलं. महिन्याभरात त्या ॲपमध्ये आठ बदल झाले, तेही बायकांनी "हे असं नको, तसं करा" म्हटल्यावर त्याच संध्याकाळी.

केंद्र सरकारनं २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आपल्या विकास सेवा संस्था त्यातच मोडतात. असं एकसारखं मोठं सॉफ्टवेअर हवंच. पण दिल्लीतून किंवा मुंबईतून येणाऱ्या सॉफ्टवेअरला उलटलेली म्हैस माहीत नसते. मोठ्या सॉफ्टवेअरच्या कडेनं नेहमीच बारीक बारीक कामं उरतात, आणि ती आपल्याच माणसांनी करायची असतात.

आता माझ्या हातून झालेली चूक.

एका संस्थेला पशुखाद्याच्या उधारीचं ॲप मी स्वतः करून दिलं. गुढीपाडव्याला ते सुरू झालं. सभासदानं पोतं उचललं की गोडाऊनच्या दारातच नोंद व्हायची आणि दहा दिवसांच्या दूध बिलातून किती कापायचे तो आकडा ॲप काढून द्यायचं. रोजच्या आठ-दहा नोंदी. सात महिने कुणाची तक्रार नाही. दिवाळीच्या तोंडावर, फरक वाटपाची (दूध दराची उरलेली रक्कम सभासदांना देण्याची) गडबड चालू असताना, गोडाऊन सांभाळणारे मामा म्हणाले, "पोती गेलेली दिसतात, पैसे कापलेले दिसत नाहीत." ॲप आल्यावरही त्यांनी आपली शंभर पानी वही बंद केली नव्हती. आम्ही वही आणि ॲप शेजारी ठेवून बसलो. एकोणसाठ पोत्यांची तफावत. नव्वद हजारांच्या वर रक्कम.

कारण असं निघालं. ते साधन बेरीज करताना सगळ्या नोंदी वाचत नव्हतं, सुरुवातीच्या ठरावीक नोंदीच वाचत होतं. मुळात ही मर्यादा ५०० ची होती. ती वाढवून २,००० पर्यंत नेता येते म्हणून मी नेली आणि पुरेल म्हणून सोडून दिली. दिवाळीच्या सुमारास नोंदी २,००० च्या पुढं गेल्या. त्यानंतरचं प्रत्येक पोतं ॲपमध्ये नोंदलं जात होतं, शोधलं तर सापडत होतं, फक्त बेरजेत येत नव्हतं. लाल अक्षरात काही चुकल्याचा संदेश नाही, ॲप बंद पडलं नाही, काही नाही. ॲप बनवताना त्या सूत्राशेजारी एक पिवळा त्रिकोण मात्र दिसत होता. मी शिकलेला प्रोग्रॅमर. त्या त्रिकोणाचा अर्थ मला कळायला हवा होता, आणि मी तो डावलला. ज्यांनी प्रोग्रॅमिंग कधी शिकलेलंच नाही, त्यांनी तो ओळखावा अशी अपेक्षा कुठल्या तोंडानं करू?

संस्थेचे पैसे पुढच्या बिलात वसूल झाले. पण वीस-बावीस घरांना सणाच्या ऐन दिवसांत "तुमच्या बिलातून आधीचे राहिलेले कापतोय" असं सांगायला लागलं. त्यांची काही चूक नव्हती.

अशी चूक फक्त खेड्यातल्या संस्थेत होते असं समजू नका. कोविडच्या काळात, २०२० च्या सप्टेंबरअखेरीस, इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात प्रयोगशाळांचे अहवाल जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ओतले जात होते. त्या फाइलला ६५,५३६ ओळींच्या पुढं जागाच नसते. त्यामुळं १५,८४१ रुग्ण त्या आठवड्याच्या रोजच्या आकड्यांतून गळले, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायलाही उशीर झाला. तिथंही नोंद घेणाऱ्यांनी आपलं काम नीट केलं होतं. भांडं भरलं आहे हे भांड्यानं सांगितलं नाही.

तुम्ही संचालक मंडळी हिशेबाच्या परंपरेत वाढलेली माणसं आहात, म्हणून मी हे तुमच्याच भाषेत मांडतो. आपल्याकडे कच्ची वही असते आणि पक्की वही असते. कच्च्या वहीत खाडाखोड चालते, पान फाटलं तरी चालतं, ज्याला जसं सुचेल तसं लिहावं. पक्क्या वहीत, म्हणजे रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद यांत, तसं चालत नाही. तिथं पानाला क्रमांक असतो, खोडल्यास सही असते आणि वर्षाअखेर लेखापरीक्षक येऊन तपासतो. माझं म्हणणं एवढंच आहे की लो-कोड ही फार उत्तम कच्ची वही आहे, इतकी उत्तम की आजवर आपल्याला मिळाली नव्हती. पण मोबाइलवर ती इतकी सुबक दिसते, रंगीत बटणं, संस्थेचं बोधचिन्ह, आपोआप येणारी बेरीज, की बघणाऱ्याला ती पक्की वही वाटते. माझी चूक नेमकी तिथं झाली आणि तुमच्या संस्थांतही ती तिथंच होणार.

कच्ची वही पक्की कधी होते, हे ओळखायला मी एक साधी रेघ मारून घेतली आहे. ॲपमधला आकडा बाहेर पडून कुणाच्या बिलात, पासबुकात किंवा ताळेबंदात गेला की ती पक्की वही झाली. उलटलेल्या म्हशीची आठवण एक दिवस चुकली तर मालकीण दुसऱ्या दिवशी हटकते. व्याजाचा आकडा चुकला तर तो वर्षभर कुणाला दिसतही नाही.

पक्क्या वहीत या साधनांची अडचण नेमकी कुठं होते, त्याचं एक उदाहरण मी तीन वेगवेगळ्या संस्थांत पाहिलं. दराचा एक तक्ता असतो, नोंदींचा दुसरा. नोंदीतली रक्कम म्हणजे लिटर गुणिले तक्त्यातला दर, असं सूत्र घातलेलं असतं. पहिल्या तारखेला दर बदलला, सचिवांनी तक्त्यात नवा दर घातला, आणि मागच्या सगळ्या महिन्यांच्या जुन्या नोंदींच्या रकमाही गुपचूप नव्या दरानं दिसू लागल्या. सभासदाच्या हातातलं जुनं बिल एक सांगतं आणि ॲप दुसरंच. ज्या दिवशी नोंद झाली त्या दिवशीचा दर नोंदीतच गोठवून ठेवायचा असतो, हे आम्ही प्रोग्रॅमर लोक एखादा मार खाऊन शिकलेलो असतो. साधन हे शिकवत नाही. शिवाय सूत्र कुणी बदललं, कधी बदललं, आधी काय होतं, याचा माग अशा पुष्कळ ॲपमध्ये कुणी ठेवत नाही. सचिव एस.टी.मध्ये बसल्या बसल्या फोनवरून सूत्र बदलू शकतात. मग सहकार कायद्याच्या कलम ८१ खाली लेखापरीक्षक येतो, तेव्हा तो तपासणार काय? आणि पुढं कलम ८३ ची चौकशी लागली, कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित करायची वेळ आली, तर नोटीस मोबाइलला येत नाही. ती तुमच्या नावानं येते.

दूध संकलनाच्या काउंटरबद्दल तर माझं मत पक्कं झालं आहे. तिथं लो-कोड नको. सकाळी सहाला चाळीस माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी असतात. वजनकाट्याचा आणि फॅट मशीनचा आकडा तारेनं थेट संगणकात यावा लागतो, माणसानं तो बघून टाइप केला की वाद सुरू होतात. या तारेशी बोलणं बहुतेक लो-कोड साधनांना जमत नाही, आणि नेट गेलं म्हणून रांग थांबवता येत नाही. पुरात फोनमध्ये साठवलेली नोंद तासाभरानं पुढं गेली तरी चालली. इथं सभासदाला त्याच मिनिटाला फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आणि रकमेची पावती हातात हवी असते. त्या जागी नीट लिहिलेलं, तपासलेलं, वर्षानुवर्षं चाललेलं सॉफ्टवेअरच हवं. त्याचे पैसे द्यावे लागले तर द्यावेत.

आता या पत्रातला मला सगळ्यात कळीचा वाटणारा मुद्दा. त्याला तंत्रज्ञान फारसं लागत नाही.

एका पतसंस्थेत वसुलीचं फार चांगलं ॲप होतं. गावातल्याच एका हुशार मुलानं ते स्वतःच्या खासगी ईमेल खात्यावर बनवलं होतं. त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला, त्याचं चांगलं झालं. सहा महिन्यांनी त्यानं फोन बदलला, पासवर्ड विसरला, खातं अडकलं, आणि अकराशे कर्जदारांच्या वसुलीच्या नोंदी अडकल्या. मुलगा बिचारा दोन रविवार पुण्याहून येऊन बसला. शेवटी खातं उघडलं. नसतं उघडलं तर? संस्थेची तिजोरी कुणी आपल्या घरी ठेवली असती तर तुम्ही त्याच संध्याकाळी तातडीची सभा बोलावली असती. इथं वर्षभर ती दुसऱ्याच्या घरात होती आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण ती दिसत नव्हती.

आणि खातं संस्थेच्या नावावर असलं, तरी घर भाड्याचंच असतं. माझी सुरुवात फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या साधनावर झाली. तुमच्यापैकी कितीतरी संस्थांचा हिशेब वीस वर्षं फॉक्सप्रोवर चालला. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये जाहीर केलं की यापुढं नवी आवृत्ती निघणार नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलेला आधारही काढून घेतला. तरी आपलं काही बुडालं नाही. का? कारण नोंदींच्या फाइली (डीबीएफ) आपल्याच संगणकात होत्या. आजही मी त्या उघडून देतो. आताची बहुतेक लो-कोड साधनं दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालतात. गूगलनं आपलं ॲप मेकर १९ जानेवारी २०२१ ला बंद केलं. ॲमेझॉननं २०२० मध्ये आणलेलं हनीकोड २९ फेब्रुवारी २०२४ ला बंद झालं. एवढ्या मोठ्या कंपन्या, आणि चार वर्षांच्या आत एक साधन आलं आणि गेलं. नोंदी उतरवून घेता येतात, पण पडदे, बटणं, सूत्रं, आठवणीचे संदेश, सचिवांनी रात्री जागून बसवलेलं सगळं, ते एका साधनातून उचलून दुसऱ्यात ठेवता येत नाही. ते नव्यानं करावं लागतं. फ्रॅपेसारखी मुक्त साधनं, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशी, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात, हा त्यांचा मोठा गुण. पण सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो, तो फुकट येत नाही.

भाड्याची गोष्ट निघालीच आहे तर हेही लक्षात असू द्या की यातल्या बऱ्याच साधनांचं भाडं दरमहा माणशी असतं. सचिव आणि दोन क्लार्क वापरत होते तोवर काही वाटत नाही. उद्या तीनशे सभासदांना त्यांची उधारी फोनवर दाखवायचं ठरलं की हिशेब पार बदलतो. आधी विचारून घ्या.

सभासदांच्या खासगी माहितीबद्दल थोडं कडक लिहितो, राग मानू नये. मी अशी ॲपं पाहिली आहेत ज्यांत आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल आणि फोटो एकाच पानावर होते, आणि ते पान "ज्याच्याकडे लिंक आहे त्या कुणालाही दिसेल" अशा सेटिंगवर होतं. ती लिंक व्हॉट्सॲपवर फिरत होती. हे मुद्दाम कुणी केलेलं नसतं. काही साधनांत सुरुवातीला जी सेटिंग असते तीच तशी राहते. ऑगस्ट २०२१ मध्ये अपगार्ड या सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं की मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्सवर बनवलेल्या पोर्टलांमधून ३.८ कोटी नोंदी इंटरनेटवर उघड्या पडल्या होत्या. त्यांत अमेरिकेतली राज्य सरकारं होती, मोठ्या कंपन्या होत्या, खुद्द मायक्रोसॉफ्टची पोर्टलंही होती. कुणी कुलूप फोडलं नव्हतं, कुलूप लावायचंच राहिलं होतं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं सुरुवातीची सेटिंग बदलली. आपल्याकडे आता २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे आणि माहितीची नीट राखण न केल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीनं करू नका. सभासदानं तो कागद तुमच्यावर विश्वास टाकून दिलेला असतो.

मराठीचाही एक प्रश्न आहे. साधनं बनवणाऱ्यांच्या तो गावीही नसतो, म्हणून तो आपणच मांडला पाहिजे. सभासदांची नावं क्रमानं लावली की आपल्या वर्णमालेप्रमाणं शेवटी यायला हवेत ते ज्ञानू आणि ज्ञानदेव पुष्कळ साधनांत 'ज' च्या पोटात जाऊन बसतात. सचिव शेवटचं पान बघतात, नाव सापडत नाही, आणि त्याच माणसाची दुसऱ्यांदा नोंद होते. 'पाटील' आणि 'पाटिल' हे साधनाला दोन वेगळे माणूस. मराठी आकड्यात '१२' टाइप केलं तर काही साधनं त्याला आकडा समजतच नाहीत, अक्षर समजतात, आणि बेरजेत ते धरतच नाहीत. पावतीची पीडीएफ काढली की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि 'कुऱ्हाडे' हे आडनाव हलन्त लावून तुटकं छापलं जातं. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये वीस वर्षं टाइप केलेली यादी नव्या ॲपमध्ये चिकटवली तर नुसती चिन्हं उमटतात. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणावी लागते. म्हणून ॲप दाखवायला कुणी आलं तर इंग्रजी नावांवर समाधान मानू नका. आपल्या सभासद यादीतली सगळ्यात अवघड वीस नावं द्या आणि पावती छापून मागा.

मग संचालक मंडळानं करायचं काय?

बंदी घालू नका, हे पुन्हा सांगतो. बंदी घातली तर सचिव ॲप वापरायचं थांबवणार नाहीत, तुम्हाला दाखवायचं थांबवतील. त्यापेक्षा पुढच्या मासिक सभेत त्यांना बोलवा, चहा द्या आणि म्हणा, "काय काय केलंय ते दाखवा." अभिमानानं दाखवतील. जेवढी ॲपं दिसतील तेवढ्यांची नावं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या: कशासाठी आहे, कुणी केलं, कुठल्या खात्यावर आहे, त्यातला आकडा कुठं जातो. हा एक कागद मी अजून कुठल्याच संस्थेत पाहिलेला नाही. त्यानंतर संस्थेच्या नावानं एक ईमेल खातं उघडा, सगळी ॲपं त्यावर घ्या, आणि पासवर्ड पाकिटात घालून, सील करून तिजोरीत ठेवा, चावीसारखा. पासवर्ड बदलला की पाकीट बदला.

ज्या ॲपचा आकडा पैशाला जाऊन भिडतो, त्याला गोडाऊनच्या मामांची वही लावा. म्हणजे दुसऱ्या वाटेनं येणारी एक बेरीज. पोती किती आली, किती गेली, किती शिल्लक, हे हातानं मोजा आणि ॲपशी ताडून पाहा, दर दहा दिवसांच्या बिलाला. महिनाअखेरीला सगळ्या नोंदी साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये उतरवून संस्थेच्या संगणकात ठेवा आणि एकूण बेरजेवर सचिवांची सही घ्या. आणि नोंदी पाचशेच्या, दोन हजारांच्या पुढं जाणार असतील, व्याज आकारायचं असेल, किंवा दर बदलत राहणार असेल, तर जाणकाराला एकदा दाखवून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम असतं. मी वर सांगितलेल्या चुका कुठल्याही अनुभवी माणसाला पहिल्या तासात दिसतात.

आणखी एक. वहिनींनी ते ॲप रात्री, घरचं आवरल्यावर केलं. त्यांना त्याचा एक रुपया मिळाला नाही. वार्षिक अहवालात त्यांचं नावही नव्हतं. "सचिव आहेत, करतीलच" असं गृहीत धरलं गेलं. ज्या कामाला बाहेर दीड-दोन लाख द्यावे लागले असते, ते तुमच्याच माणसानं केलं आहे. त्याला मानधन द्या, तालुक्याला प्रशिक्षण असेल तर संस्थेच्या खर्चानं पाठवा. जिल्हा संघानं आणि सहकारी बोर्डानं सचिवांच्या प्रशिक्षणात हा विषय घ्यावा अशी मागणीही तुम्हीच करू शकता. तुमच्या पत्राला जे वजन आहे ते माझ्या पत्राला नाही.

३० सप्टेंबरच्या आत आपल्या संस्थेची वार्षिक सभा होईल. मी सभासद म्हणून मागच्या रांगेत बसलेला असेन. अहवाल वाचन आणि ताळेबंद झाला की आयत्या वेळच्या विषयात मी हात वर करणार आहे आणि तीन गोष्टी विचारणार आहे: संस्थेत किती ॲपं चालू आहेत, त्यांची खाती कुणाच्या नावावर आहेत, आणि त्यांतल्या बेरजा शेवटच्या कधी आणि कशाशी ताडून पाहिल्या. ऐन वेळी अडचण होऊ नये म्हणून आजच कळवतो आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गावच्या दूध संस्थेचा एक सभासद